ओकळीची पिचकारी

बंगळुरातलं अख्खं हलसूर माझ्या सासऱ्यांना अण्णा म्हणायचं, म्हणून मीही अण्णाच म्हणायला लागले. लग्न होऊन बेळगावहून बंगळुरात आले, त्या पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "पोरी, तुला पाण्याची भीती वाटते का?"

मी म्हटलं, "भीती कसली? विहिरीत उड्या मारून वाढलेय मी."

"सरी," म्हणाले, आणि उठून गेले. सरी म्हणजे बरं, ठीक. त्या घरात मराठी बोलता बोलता अशी कन्नड मध्येच यायची आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. त्यांची मराठी ऐकून मी पदराआड हसायचे, आणि माझी बेळगावी ऐकून ते उघड हसायचे. फिटंफाट. पण सुनेला स्वयंपाक येतो का हे न विचारता पाण्याची भीती विचारणारा सासरा मी पहिलाच पाहिला.

त्याचं कारण होती हलसूरच्या तळ्यावरची लाँच. साठ साल उजाडायच्या आधीची ही गोष्ट. लाकडी बोट, मध्यभागी पेटीत बसवलेलं इंजिन, वर कापडी छत. आठवडाभर तळ्यातलं शेवाळ नि वेली ओढून काठाला लावायच्या, आणि रविवारी नि सणासुदीला लोकांना फेरी मारून आणायची, हे तिचं काम. ते इंजिन एका मोडीत निघालेल्या लॉरीचं. अण्णांनी स्वतः आणून, घासूनपुसून त्या बोटीत बसवलेलं. अण्णा माणसांशी मराठीत बोलायचे, इंजिनाशी कन्नडात आणि देवाशी दोन्हींत. सासूबाई मी यायच्या आधीच तापानं गेल्या होत्या. मुलगा, म्हणजे माझा नवरा, कारखान्यात पाळीवर. तेव्हा अण्णांना सकाळी अंथरुणातून उठवणारी गोष्ट कुठली, तर ती लाँच.

आता मुद्द्याचं सांगते. दर काही महिन्यांनी, आणि आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या, आदल्या दिवशी तर हटकून, इंजिनातलं जुनं तेल काढून नवं भरायचं असे. मोटारीचं तेल बदलणं सोपं. खाली सरपटत जा, बूच काढ, तेल आपोआप भांड्यात पडतं. बोटीत तसं नाही. बोटीच्या खाली पाणी! इंजिनाचं बूच अगदी तळाशी, त्याच्या नि बोटीच्या लाकडाच्या मध्ये जेमतेम चार बोटं जागा. तिथे चपटी ताटली सरकवायची, पालथं पडून हात खांद्यापर्यंत आत घालायचा, न बघता पान्यानं बूच फिरवायचं, ताटली भरली की बूच परत लावायचं, ताटली न सांडता बाहेर ओढायची, डब्यात ओतायची, पुन्हा पहिल्यापासून.

त्यात अण्णांचा एक नेम. तेल बदलायचं त्याच्या आदल्या संध्याकाळपासून इंजिनाला हात लावायचा नाही. "रात्रभर ते निजलं पाहिजे," म्हणायचे. "निजून उठलेल्यालाच आंघोळ घालायची." लोकांना वाटायचं, केवढा भाविक माणूस! पण थंडगार झालेलं ते काळं तेल काकवीसारखं. आज निघतंय का उद्या, अशा बेतानं ठिबकायचं. सकाळी सातला पालथे पडलेले अण्णा दुपारी तीनला उठायचे, तेही दोघांनी धरून उठवलं तर. साठीच्या उंबऱ्यावरचा माणूस. कमरेला शेक देता देता मी म्हणायचे, "अण्णा, हे काय देवाचं व्रत आहे का?" ते डोळे मिटून पडून राहायचे.

त्या वर्षी तळ्यावर नवीन साहेब आला. तरुण, घड्याळाकडे बघून चालणारा. पावसाळ्यातलं तेल बदलणं त्यानं पाहिलं होतं, लाँच दिवसभर खुंट्याला बांधलेली. नवरात्र लागायच्या आधी त्यानं अण्णांना बोलावून सांगितलं, आयुधपूजेच्या आदल्या दिवशी शाळांना सुटी आहे, लोक येतील, दहाच्या ठोक्याला लाँच पाण्यात पाहिजे. नसली तर वर्कशॉपचा माणूस लाँच घेईल आणि तुम्ही तिकिटाच्या खिडकीत बसा. तुमच्या वयाला तेच बरं.

वाईट बोलला नाही हो तो. आदरानंच बोलला. पण अण्णा घरी आले ते जेवायला बसलेच नाहीत. रागीच्या मुद्देला, म्हणजे नाचणीच्या उकडलेल्या गोळ्याला, नाही म्हणणारे अण्णा मी कधी पाहिले नव्हते. भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "खिडकीतून तळं दिसत नाही."

एवढंच. माझा स्वभाव असा मेला, की वाईट वाटलं की मी चिडते. रडायच्या जागी भांडते. मी म्हटलं, "मग सोडा ना तो नेम! इंजिन काय नवरदेव आहे, रात्रभर निजायला? घटकाभर चालवा, तेल तापलं की पाण्यासारखं पळेल. खाली ताटली मी धरते. मला पाण्याची भीती नाही, तेलाची तर नाहीच नाही. कसला हा हट्ट!"

अण्णा उठले. माझ्याकडे असं पाहिलं, की शब्द परत घेता आले असते तर घेतले असते. "तू लाँचवर यायचं नाहीस," म्हणाले. "आणि धरणार तर काहीच नाहीस." आणि पायात चपला न घालताच बाहेर गेले.

मला तेव्हा पाचवा महिना होता. वाटलं, त्यासाठी म्हणत असतील. नवरा पाळीवरून आल्यावर त्याला सगळं सांगितलं, तर तो पाण्याचा तांब्या हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"ताटली धरते म्हणालीस? तू?"

"मग? काय बिघडलं?"

मग त्यानं सांगितलं. पूर्वी अण्णाही इंजिन तापवूनच तेल काढायचे, सगळे काढतात तसं. एका आयुधपूजेच्या आदल्या दिवशी सासूबाई डबा घेऊन तळ्यावर गेल्या. अण्णा पालथे पडलेले, बूच सुटत आलेलं आणि ताटली कलंडायला लागलेली. अण्णा ओरडले, "धर!" सासूबाईंनी डबा टाकला आणि हात आत घालून ताटली धरली. तेवढ्यात बूच निसटलं. उकळतं तेल त्यांच्या मनगटापासून कोपरापर्यंत. जखम भरली, पण हात आखडला तो आखडलाच. पुढे जगल्या तोवर त्यांना लाटणं नीट धरता आलं नाही. भाकरी थापायच्या त्या डाव्या हातानं.

"आई कधी एका शब्दानं बोलली नाही," नवरा म्हणाला. "पण तेव्हापासून इंजिन रात्रभर निजायला लागलं. आणि लाँचवर अण्णा कुणाला 'धर' म्हणालेले मी तरी ऐकलं नाही. दोरी असो, वल्हं असो, स्वतः धरतात."

मी आत जाऊन चुलीपुढे बसले. नवरदेव म्हणाले होते मी! जीभ हासडून टाकावीशी वाटली. दुसऱ्या दिवशी अण्णांच्या ताटात दोन चमचे तूप जास्त वाढलं, पण तुपानं काय होतंय? आयुधपूजा आठवड्यावर आली होती.

मधल्या शनिवारची गोष्ट. शनिवारी आमच्या घरी पुरुषांचं तेलन्हाण. एरंडेल कोमट करायचं, अंगाला चोळायचं, मग कढत पाणी. एरंडेलाचा डबा उंच नि अरुंद तोंडाचा, आणि नुकताच भरून आणलेला. एरवी मी तो कवटाळून कलता करायचे. आता पोट मध्ये! दोनदा प्रयत्न केला, कंबर धरली. घरात कुणी नाही. माझा चडफडाट सुरू. इतक्यात आठवलं, सासूबाईंच्या पेटीत पितळेची पिचकारी आहे. लग्नानंतर आमच्याकडे ओकळी खेळतात, हळद-चुन्याच्या लाल पाण्यानं नवरानवरी एकमेकांना भिजवतात, त्यातली. माझ्या ओकळीलाही तीच काढली होती. हातभर लांब, पुढे एकच भोक, दांडा ओढला की पोटात पेलाभर पाणी घेणारी.

म्हटलं, पाणी ओढते तर तेल का नाही ओढणार?

डब्यात तोंड बुडवून दांडा ओढला. छे! एरंडेल घट्ट, जागचं हलेना. मी काय कमी हट्टी? डबा उन्हात ओढत नेला आणि भाजी चिरायला बसले. तासाभरानं पुन्हा ओढला, तर तेल सुर्रकन वर! भांडं भरलं. दुसऱ्यांदा ओढलं, पुन्हा भरलं. डबा कलता नाही, सांडणं नाही, खाली कुणी भांडं धरून बसलेलं नाही. आणि तेल हाताला नुसतं कोमट.

आणि मला लाँच आठवली. इंजिनात तेल किती आहे ते बघायला अण्णा वरच्या भोकातून एक सळई आत सोडायचे, ते मी शंभरदा पाहिलं होतं. सळई पार तळापर्यंत जाते. मग सळईच्या जागी नळी का जाणार नाही? बुचाला हात लावायलाच नको. खाली जायलाच नको. तेल वरून निघेल. आणि उकळतं कशाला हवं, बाळंतिणीला चोळतात तेवढं कोमट पुरे.

अण्णा न्हायला आले तेव्हा मी काही बोलले नाही. बोलून मी काय दिवे लावते ते मला कळलं होतं. नुसतं त्यांच्यापुढे डब्यातून एक पिचकारी तेल काढून दाखवलं. मग म्हटलं, "अण्णा, तुमच्या सळईचं भोक केवढं असतं हो?"

ते पिचकारीकडे बघत राहिले. मग माझ्या हातातून ती घेतली, दांडा एकदा आत-बाहेर केला.

"ही तिची," म्हणाले.

"ठाऊक आहे मला."

"काळं तेल भरायचं हिच्यात?"

मला एकदम रडू आलं, तेही एरंडेलाच्या वासात, भलत्याच वेळी. मी म्हटलं, "नको वाटत असेल तर राहू दे, अण्णा. मला सुचलं ते सांगितलं." त्यांनी पिचकारी पंच्यात गुंडाळली आणि आत घेऊन गेले. तेलन्हाण त्या दिवशी राहूनच गेलं.

पुढचे चार दिवस पिचकारीचं नाव नाही. मी पेटी उघडून पाहिली, तिथेही नाही. मनात म्हटलं, दुखावलं मी ह्यांना, आता खिडकी ती खिडकी. आणि पाचव्या दिवशी सकाळी पाणी तापवायला उठले तर अण्णा ओसरीवर बसलेले. पिचकारीला आत चामड्याची नवी चकती घातली होती. तोंडाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा घट्ट बांधला होता, आणि त्याच्या पुढे हातभर तांब्याची बारीक नळी खोचली होती, हवी तेव्हा काढता येईल अशी. दांडा ओढून अंगठ्यानं नळीचं तोंड दाबून बघत होते, हवा कुठून निसटते का. माझी चाहूल लागली तरी मान वर केली नाही.

"स्वल्प निसटते अजून," म्हणाले. "संध्याकाळपर्यंत होईल."

देवाशपथ सांगते, मुलगा झाल्यावर नंतर जेवढा आनंद झाला ना, तेवढाच तेव्हा झाला.

आयुधपूजेचा आदला दिवस. अण्णा पहाट फुटताच गेले. मला ताकीद होती, यायचं नाही. मी सातला डबा घेऊन निघाले. सकाळी सातला डबा कोण नेतं? पण डबा हातात असला की बाईला कुठेही जाता येतं. घाटाच्या पायऱ्या उतरून बघते तर लाँच तळ्याच्या मध्यावर, गुडगुडत फेरी मारतेय. पंधराएक वर्षांत पहिल्यांदा अण्णांनी तेल काढायच्या दिवशी इंजिन चालू केलं होतं. काठाला लावली, इंजिन बंद केलं, आणि मला पाहून कपाळाला आठी घातली.

"डबा ठेव आणि जा."

"बसते घटकाभर. पाय दुखले." आणि बसले मी, पायरीवर नाही, सरळ लाँचमध्ये फळीवर.

अण्णांनी इंजिनाच्या पेटीचं झाकण काढलं आणि वाट बघत राहिले. सळई काढून तिच्या टोकाचा थेंब स्वतःच्या मनगटावर घेतला, पुसला. पुन्हा थोड्या वेळानं घेतला. चार-पाच वेळा. मी म्हटलं, "मला दाखवा, मी सांगते, रोजचं काम आहे माझं." तर माझा हात बाजूला सारला. शेवटी त्यांचं त्यांनाच पटलं असावं. नळी भोकातून आत सोडली, तळाला टेकली, दांडा ओढला.

आलं की वर! काळंभोर, पातळ, पिचकारी भरून. जुन्या तेलाच्या डब्यात रिकामं केलं. पण पिचकारी नळीपासून काढताना नळी भोकातून वर यायची, ती पुन्हा आत सोडायची, पुन्हा तळ शोधायचा. दुसऱ्या वेळी तसंच, तिसऱ्या वेळी तसंच. तिसरा हात हवा होता. अण्णा एका हातानं नळी, एका हातानं पिचकारी, आणि दांडा कशानं ओढायचा? छातीला टेकवून ओढायला बघत होते. तोंडातून मात्र शब्द नाही. मी बसून बघत होते. ह्या खेपेला मला माझी जीभ आवरायची होती. आठ वाजायला आले. लोक पायऱ्यांवर जमायला लागले होते.

अण्णा थांबले. घाम पुसला. इंजिनाकडे बघत, माझ्याकडे न बघता, इतक्या हळू म्हणाले की शेजारी नसते तर ऐकू आलं नसतं.

"धर."

मी नळी धरली. कोमट होती, सकाळच्या दुधासारखी. अण्णांनी दांडा ओढला, रिकामा केला, पुन्हा ओढला. प्रत्येक वेळी ओढायच्या आधी माझ्या बोटांकडे एकदा बघायचे. मी मोजत नव्हते, पण वीस-पंचवीस वेळा तरी झालं असेल. मग नळीतून नुसता घुरघुर आवाज आला. संपलं. तळाशी राहिला असेल तो गाळ कितीसा! नवं तेल ओतलं, सळई बुडवून पाहिली, इंजिन सुरू केलं. पावणेनऊ.

साहेब दहाला आला तेव्हा लाँच दुसऱ्या फेरीला निघाली होती, पोरंटोरं छताखाली किंचाळत होती. त्यानं घड्याळ पाहिलं, लाँच पाहिली, आणि खिडकीतल्या कारकुनाला सांगितलं की खिडकीसाठी दुसरा माणूस शोधावा लागेल. मी घाटावर बसून ऐकलं. तोंडात पदर कोंबला, नाहीतर ओरडलेच असते.

दुपारी गर्दी ओसरली. अण्णा पायऱ्यांवर माझ्याशेजारी येऊन बसले. पिचकारी त्यांनी तळ्याच्या पाण्यानं नाही, घागरीतलं चांगलं पाणी आणून, साबणानं, चिंचेनं घासून धुतली होती. पितळ ओकळीच्या दिवशी असतं तसं लखलखत होतं. मी डबा उघडला. इतकी खुशीत होते मी, की कसलं भान राहिलं नाही. हसत म्हटलं, "बघा अण्णा, काखेत कळसा नि गावाला वळसा! इतकी वर्षं ही घरातच होती!"

बोलले, आणि मग पाहिलं. अण्णांनी पिचकारी मांडीवर घेतली होती. तिच्यावरून हात फिरवत होते.

"हो," म्हणाले. "घरातच होती. पेटीत. त्या दिवशीसुद्धा पेटीतच होती, पोरी."

तळ्यावर ऊन होतं. मी, जिला कधी म्हणून शब्द कमी पडले नाहीत, ती डब्याचं झाकण हातात धरून बसले. डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसायचंही सुचेना.

अण्णांनी पिचकारी बाजूला ठेवली. माझे दोन्ही हात हातात घेतले, काळे झालेले, नखांत तेल गेलेलं. उलटे केले, सुलटे केले. बांगड्या मागे सारून मनगटापासून कोपरापर्यंत नीट बघितलं, एक हात, मग दुसरा, पुन्हा पहिला. कुठे काही नव्हतं.

"सरी," म्हणाले. "आता जेवू."